अर्धा किलो मेथ्या

वरचा मजला रिकामा होऊन दोन महिने झाले. मुलगा पुण्याहून दर रविवारी फोन करतो आणि विचारतो, "आई, भाडेकरू बघितला का?" मी म्हणते, बघते. बघत काही नाही. परवा एक चांगलं जोडपं आलं होतं. शेंद्र्याला कंपनीत नोकरी, नुकतंच लग्न झालेलं. मी त्यांना पाणी वर चढत नाही, उन्हाळ्यात स्लॅब तापतो, जिना अंधारा आहे, असं काय काय सांगून परत पाठवलं. जिना अंधारा बिंधारा काही नाही. दुपारी शाळा सुटली की दप्तर वर टाकून कुणीतरी दोन-दोन पायऱ्या गाळत त्या जिन्यावरून खाली येईल, असं मला अजून वाटतं. तिथं दुसऱ्या कुणाच्या चपला मला बघवणार नाहीत, एवढंच.

मी एसटीत कंडक्टर होते. निम्म्याहून जास्त नोकरी वैजापूरच्या गाडीवर गेली. माणूस कसा आहे ते त्याच्या बोलण्यावरून कळत नाही, बाजूच्या सीटवरची पिशवी तो कधी उचलतो यावरून कळतं, असं माझं मत आहे. गाडीत नवीन माणूस चढलं की आधीचे जरा पसरून बसतात. "कुणी येतंय का?" असं त्यानं विचारलं तर "येतंय" म्हणतात. तेच उभं असलेलं माणूस पुढच्या थांब्यावर बसायला मिळालं की स्वतःही पिशवी बाजूला ठेवतं. मी ओरडायचे, "पिशवीचं तिकीट काढलंय का?" ती ओरडायची सवय नोकरी संपली तरी गेली नाही. आमच्या गारखेड्याच्या गल्लीत मला तोंडावर कंडक्टरबाई म्हणतात, माघारी काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

वर आधी राहायचा तो माणूस पहिल्यांदा माझ्या दारात आला तेव्हा ऊन तापलेलं होतं. येमेनचा होता, इथल्या विद्यापीठात पीएचडी करत होता. हिंदी मोडकी, पण त्यात आपल्या शहराची दखनी चांगली मिसळलेली. इतके दिवस तो चार पोरांबरोबर एका खोलीत राहत होता, आता बायको आणि मुलगी येणार होती. तिकडं लढाई सुरू होती आणि शहरात राहण्यासारखं राहिलं नव्हतं. "आंटी, फोन पे बोलते घर है. मैं आया तो बोलते अभी दे दिया," तो म्हणाला. हे सांगताना तो हसला, आणि मला एकदम राग आला. त्याचा नाही. आम्ही नवरा-बायको लग्नानंतर या शहरात खोली शोधत फिरत होतो तेव्हा आमचं आडनाव ऐकलं की खोली त्याच क्षणी भाड्यानं गेलेली असायची. एका बाईंनी तर आम्हाला पाणी दिलं, नाव विचारलं आणि मग ग्लास उचलून नळाखाली धरला, आमच्यासमोर. आज त्याच शहरात माझं दोन मजली घर आहे आणि पुढच्या खोलीत बुद्धाची मोठी तसबीर आहे. मी त्याला किल्ली दिली त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. निम्मी किल्ली त्याला दिली, निम्मी त्या ग्लासवाल्या बाईंच्या नाकावर टिच्चून दिली.

संध्याकाळी समोरच्या वहिनी आल्या. या वहिनी म्हणजे आमच्या गल्लीचं सरकार. वैजापूरकडं त्यांची चांगली बागायत, इथं मुलगा नोकरीला, घरात सून आणि नातू. बाई मनानं वाईट नाही, पण कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत आधी आणि माहिती नंतर.

"ताई, घर तुमचं, मर्जी तुमची," त्या म्हणाल्या. "पण आपल्या गल्लीत लेकीबाळी हायेत. कोण कुठले लोक, काय खात्यात, काय करत्यात..."

"त्यांच्याबी घरात लेकच हाय," मी म्हणाले. वहिनी उठल्या आणि चहा न घेता गेल्या. मग चार दिवस आमचं बोलणं नव्हतं.

मायलेकी आल्या. आई काळ्या झग्यात, फक्त डोळे दिसणारी. मुलगी सहा वर्षांची, कुरळे केस, पायात तिच्या मापापेक्षा मोठे बूट. गल्लीनं तिला कसं घेतलं ते सांगते. कुणी काही वाईट केलं नाही. कुणी काही बोललं नाही. ती फाटकाशी येऊन उभी राहिली की पोरं चेंडू घेऊन पलीकडच्या टोकाला जायची, बस्स. संध्याकाळी बायका ओट्यावर बसलेल्या असायच्या, तिची आई दूध आणायला निघाली की बोलणं थांबायचं, आणि ती वळणावर दिसेनाशी झाली की पुन्हा सुरू व्हायचं. धीट पोरं मुलीपुढं येऊन मोठमोठ्यानं बोलायची, ती बहिरी असल्यासारखी. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. ती रडली नाही, तिनं कुणाला चिमटा काढला नाही, काही मागितलं नाही. मला ते फार लागायचं. सहा वर्षांच्या लेकरानं एवढं शहाणं असू नये.

तिचं मला पहिलं जे काही कळलं ते नळाच्या दिवशी. आपल्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते मी काय सांगायचं, सगळ्या शहराला माहीत आहे. पाणी आलं की गल्लीत एकच धांदल उडते. त्या दिवशी मी वर मोटर चालू करायला गेले तर ही पोरगी स्वयंपाकघरात बसून पाणी भरत होती. बादल्या भरल्या होत्या, हंडा भरला होता. मग तिनं पातेली भरली, ग्लास भरले, वाट्या भरल्या, आणि शेवटी डब्यांची झाकणं उलटी ठेवून त्यांच्यातही पाणी ओतत होती, सांडू न देता. मी हसायला तोंड उघडलं आणि माझं हसू तिथंच राहिलं. ज्या लेकराला झाकणातलं पाणी मोजावं लागलं असेल त्याला काय हसायचं? मी खाली बसले आणि तिच्याबरोबर झाकणं भरली.

त्यानंतर ती खाली यायला लागली. मराठी ती कुणाकडून शिकली असं सांगता येत नाही, तिनं ती गल्लीच्या हवेतून उचलली. तिचं पहिलं मराठी वाक्य मी ऐकलं ते जिन्यावरून, "आजीऽऽ, पाणी आलंऽऽ!" वर्षभरात ती वहिनींच्या नातवाशी भांडायला लागली. भांडता यायला लागलं की माणूस गल्लीचं होतं. ती लई म्हणायची, नाय म्हणायची, व्हय म्हणायची, आणि शाळेत बाईंनी शुद्ध बोल म्हणून सांगितलं तर घरी येऊन मला विचारायची, "आजी, शुद्ध म्हंजी कसं?" मला तरी कुठं ठाऊक होतं!

पोरं मिसळली, पण तिची आई वरच राहिली. तिला भाषा येत नव्हती आणि कुणी शिकवायला गेलं नाही. रोज संध्याकाळी वर फोनवर मोठ्यानं बोलणं चालायचं, मग एकदम सगळं शांत व्हायचं. मी समजायचे, माहेरचा फोन असेल. खोदून विचारलं नाही. कंडक्टरला माणूस कुठं उतरणार ते विचारायची सवय असते. मागं कोण राहिलं, हे विचारायचं आमच्या कामात नसतं.

मग दुसऱ्या हिवाळ्यात मेथ्यांचं प्रकरण झालं.

त्यांच्याकडं थंडीत एक कालवण करतात. मेथ्या भिजवून, वाटून, हातानं फेटत राहायच्या, इतक्या की त्यांचा पांढरा फेस होतो. तो फेस उकळत्या मटणाच्या रश्श्यावर ओतायचा आणि सगळ्यांनी एकाच भांड्यातून भाकरीनं खायचं. हे मला नंतर कळलं. तेव्हा झालं एवढंच की मुलीची आई खाली आली, माझ्या मिसळणाच्या डब्यातल्या मेथ्यांवर बोट ठेवलं आणि दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. एवढ्या हव्यात. मी मुलीला तिच्याबरोबर किराणा दुकानात पाठवलं. आईनं अर्धा किलो मेथ्या घेतल्या. बरोबर खारीक घेतली, बदाम घेतले, मधाची बाटली घेतली.

आता आपल्याकडं बाईमाणूस एका वेळी अर्धा किलो मेथ्या आणि खारीक-बदाम कधी नेतं? घरात बाळंतीण असेल तर, नाहीतर होणार असेल तर. फोडणीला चार दाणे टाकणारी माणसं आपण. दुकानदारानं वहिनींना सांगितलं, वहिनींनी गल्लीला सांगितलं. आणि त्या काळ्या झग्यात पोट आहे की नाही ते कुणाला दिसणार?

मी सांगते, गल्ली एका दुपारीत बदलली. जिच्याशी दीड वर्ष कुणी बोललं नव्हतं, ती पोटुशी आहे एवढं कळल्यावर सगळ्या बायकांना तिची काळजी वाटायला लागली. आपल्या बायकांचं हे एक मला कळत नाही आणि आवडतंही. वहिनी चौघींना घेऊन माझ्या दारात आल्या.

"ताई, तुमी बी काय! सांगायचं नाय व्हय? बिचारीचं इथं कोण हाय? ना आई, ना सासू. एवढ्या मेथ्या कडू खाईल ती, तिला लाडू कोण वळून देणार?"

मी म्हणाले, मला काहीच माहीत नाही. "तुमाला कसं म्हाईत असंल, तुमची सगळी हयात गाडीत गेली," असं म्हणून वहिनींनी मला बाजूला केलं आणि जिना चढल्या. त्यांच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा होता. काखेत एक गाठोडं होतं. त्यात त्यांच्या नातवाची झबली, टोपडी आणि एक दुपटं होतं, धुऊन घड्या घातलेलं. तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिल्यांदा नवं कापड लावायचं नाही, चांगल्या वाढलेल्या लेकराचं जुनं लावायचं, अशी आपल्याकडं रीत आहे. कापड मऊ असतं आणि त्या लेकराचं आयुष्य या लेकराला लागतं म्हणतात. वहिनींनी त्यांच्या एकुलत्या एका नातवाचे कपडे आणले होते. त्यांच्याकडून एवढं सहजासहजी निघत नाही.

मीही मागोमाग गेले. मुलीच्या आईनं दार उघडलं, पाच बायका बघून घाबरली, मग आत घेतलं. घरात तिचं तोंड उघडं होतं. किती लहान पोरगी होती! मी दीड वर्षात तिचा चेहरा दोन-चारदाच बघितला होता. वहिनींनी तिला खाली बसवलं, तिच्या हातात लाडू दिला आणि मांडीवर गाठोडं सोडलं.

तिनं एक झबलं उचललं. दोन्ही हातांनी ते पसरून धरलं, मग नाकाशी नेलं आणि डोळे मिटून वास घेतला. घेतच राहिली. मग तिच्या घशातून जो आवाज आला तो माझ्या ओळखीचा होता. माझा मुलगा चार महिन्यांचा असताना मी ड्यूटीवर रुजू झाले होते. वैजापूरला मुक्कामी गाडी असली की त्याची दूध प्यायची वेळ व्हायची आणि भर गाडीत माझं पोलकं ओलं व्हायचं. मी तिकिटाची पेटी छातीशी धरून, असाच आवाज आतल्या आत दाबून उभी राहायचे. तो आता पुण्यात मोठा साहेब आहे, पण ती ओल मला अजून आठवते. या बाईच्या पोटात बाळ नाही, हे मला तेव्हाच कळलं. तिचं बाळ कुठंतरी दुसरीकडं आहे.

बायकांना वाटलं, आनंदानं रडते. एकजण तिची पाठ चोळायला लागली. तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. दप्तर खांद्यावरच होतं. तिनं आईच्या मांडीवरचे कपडे बघितले आणि तिचा चेहरा असा उजळला की मला आजही डोळे मिटले तर तो दिसतो.

"माझा भाऊ येणार?" तिनं वहिनींना विचारलं. तेही मराठीत.

"व्हय गं माझे बाय," वहिनी म्हणाल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "भाऊच येणार बघ तुला. माझ्या तोंडात साखर पडू दे."

तिचा बाप संध्याकाळी माझ्याकडं आला. खुर्चीवर बसला नाही, उभ्यानंच बोलला. पोटात बाळ वगैरे काही नव्हतं. मुलगा होता, तिकडं, आजीजवळ. तो जन्मला तेव्हा त्यांच्या गावातलं पासपोर्टचं कार्यालय बंद पडलं होतं. मायलेकींचा व्हिसा आलेला होता, थांबल्या असत्या तर रस्ता बंद झाला असता. आजी म्हणाली, तुम्ही निघा, दोन महिन्यांत कुणाबरोबर तरी पाठवते. पाच महिन्यांच्या बाळाला तिच्या हातात देऊन या दोघी निघाल्या. त्या गोष्टीला आता दीड वर्ष झालं होतं. आजीकडं साधा फोन होता, आवाजसुद्धा तुटक यायचा, आणि बाळ काय बोलणार फोनवर? "वो दरवाजे में खडी रहती है, आंटी," तो मुलीबद्दल म्हणाला. "मैं उसको क्या बोलूं?"

वहिनींना सांगायला मीच गेले. आधी त्या चिडल्या. साऱ्या गल्लीत त्यांचं हसं होणार होतं ना! मग त्यांनी विचारलं, "कितव्या महिन्यात ठेवून आली म्हणलात?"

"पाचव्या."

मला वाटलं, आता गाठोडं परत मागतील. त्या आत गेल्या, पाणी पिऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मी त्या पोरीला तोंडानं बोलून बसले. भाऊच येणार म्हणलं. आता वं?"

आता काय, ते आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. पोरीला ठाऊक होतं. तिनं कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या आणि गाठोडं उशाशी ठेवलं. मी तिला चार वेळा समजावलं, अगं वहिनींचा घोटाळा झाला, कधी येईल ते सांगता येत नाही. ती माझं सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पण समोरच्या काकूंनी सांगितलंय." त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मोठ्या माणसानं तिला ठामपणे काही सांगितलं होतं. ते ती कशाला सोडेल?

एक दिवस तिनं मला विचारलं, मुंबईची गाडी कुठं थांबते. मायलेकी स्वतः मुंबईला विमानातून उतरूनच इथं आल्या होत्या. मी कंडक्टर, मला सगळ्या गाड्या माहीत असणार, हा तिचा हिशोब. मी तिला घेऊन बसस्टँडवर गेले. का गेले? नाही म्हणवलं नाही म्हणून. माझे जुने सोबती भेटले, त्यांनी चहा पाजला, तिला बिस्किटाचा पुडा दिला. ती तो न फोडता हातात धरून उभी राहिली. मुंबईची गाडी लागली की दाराशी जायची आणि उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातातलं बाळ बघायची. एकीनं घाबरून पदर ओढून घेतला. मोठी पोरं, चालणारी पोरं तिच्या शेजारून उतरून गेली, त्यांच्याकडं तिनं मान वळवली नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"अगं, तो आता मोठा झाला असंल," मी म्हणाले. "चालत असंल, पळत असंल."

"नाय," ती म्हणाली. तिनं दोन्ही हात छातीशी धरून मला माप दाखवलं. "एवढाच हाय. त्याला बसता पण येत नाय."

घरी येताना रिक्षात ती माझ्या मांडीवर झोपली, आणि मला वाटत राहिलं की ही रिक्षा जरा लांबच्या रस्त्यानं जावी.

वहिनींचं म्हणाल तर त्या बदलल्या ते चांगल्याच बदलल्या. त्यांनी मुलीच्या आईला हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं आणि दुसऱ्या बायका सरकेनात तर म्हणाल्या, "सरका की जरा, तुमच्या पायाला काय मुंग्या आल्यात?" मी मनात म्हटलं, ही बाई एसटीत चालली असती. उन्हाळ्यात त्यांनी तिला कुरडयांना बोलावलं, तिनं गव्हाचा चीक असा घोटला की एक गाठ राहिली नाही. मेथ्या फेटलेला हात होता तो. पुढच्या थंडीत तिनं आम्हाला दोघींना वर बोलावलं आणि तो फेसाचा रस्सा खाऊ घातला. आम्ही तिघींनी एकाच भांड्यातून खाल्ला. वहिनी माळकरी घरातल्या, त्यांच्यासाठी तिनं बटाट्याचा वेगळा केला होता. पण भांडं एक नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही असं तिनं खुणेनं सांगितलं, म्हणून आम्ही तिघींनी बटाट्याचाच खाल्ला. भाषा तिला शेवटपर्यंत, म्हणजे ही मंडळी घर सोडून जाईपर्यंत, फारशी आली नाही. वहिनी तिच्याशी तासन्‌तास मराठीत बोलायच्या आणि ती अरबीत उत्तरं द्यायची. दोघींचं काही अडत नव्हतं.

वहिनींनी त्या मुलासाठी कुलदेवतेला नवस बोलला. मला येऊन सांगितलं, जरा बिचकतच, कारण मी नवसबिवस मानत नाही आणि त्यावरून त्यांना पुष्कळदा चिडवलेलं आहे. त्या वेळी मी चिडवलं नाही. पौर्णिमेला विहारात खीर वाटताना एक वाटी जास्तीची बाजूला ठेवावी असं मलाही वाटायचं. मी ठेवली नाही, पण वाटायचं.

वर्षं गेली. मुलगी दहा वर्षांची झाली, उंच झाली, मोठ्या बुटांत पाय बसायला लागले तोवर ते बूट फाटले. भावाबद्दल ती आता विचारत नसे. फक्त गल्लीत परकी गाडी थांबली की जिथं असेल तिथं थांबायची. खेळात तिच्यावर राज्य असलं तरी. पोरांनाही सवय झाली होती, तीही तेवढा वेळ थांबायची.

आणि मग तो आला. तिकडचं एक कुटुंब इलाजासाठी मुंबईला येणार होतं. मुलाचा पासपोर्ट झाला होता, त्यांनी त्याला आपल्याबरोबर आणलं. आजीला प्रवास झेपण्यासारखा नव्हता, ती राहिली. बाप मुंबईला गेला. गाडी येणार म्हणून सकाळपासून गल्ली दारात होती. वहिनी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, लेकरावरून ओवाळून टाकायला. मुलीची आई फाटकाबाहेर आली होती, आणि त्या दिवशी तिनं तोंडावरून पडदा घेतला नव्हता. मला वाटतं, मुलानं ओळखावं म्हणून. मुलगी तिच्या शेजारी उभी होती. मी तिचा हात धरला.

गाडी थांबली. आधी बाप उतरला. मग साडेचार वर्षांचा एक मुलगा उतरला, तेच कुरळे केस, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, चेहऱ्यावर झोप आणि भीती. सगळी गल्ली त्याला बघत होती.

मुलीनं माझा हात सोडला आणि धावत सुटली. ती त्याच्या अंगावरून पुढं गेली, गाडीच्या उघड्या दारात वाकली आणि आत बघायला लागली. मागची सीट बघितली. सीटच्या खाली बघितलं. दुसऱ्या बाजूनं जाऊन पुन्हा बघितलं. ती काय शोधते आहे ते मला आणि तिच्या आईला कळत होतं.

मग आई गुडघ्यांवर बसली, रस्त्यावर, धुळीत. तिनं हात पुढं केले आणि त्याला नावानं हाक मारली. मुलगा एक पाऊल मागं सरकला. त्याला आजीनं चांगलं वळण लावलं होतं. अनोळखी बाईशी बोलावं तसं, खाली मान घालून, हळू आवाजात त्यानं काहीतरी विचारलं, आणि सुरुवात केली ती 'खाला' म्हणून.

बाकीची अरबी आम्हाला कळली नाही. पण खाला कळायला या शहरात दुभाष्या लागत नाही. खाला म्हणजे मावशी, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वहिनींनी तोंडाला पदर लावला. आईचे हात तसेच पुढं राहिले. ती रडली नाही, हलली नाही, मुलाकडं बघत राहिली.

गाडीच्या पलीकडून मुलगी सरळ उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. ती गाडीला वळसा घालून आली, त्याच्या समोर येऊन थांबली आणि गल्लीतल्या कुठल्याही पोरावर ओरडावं तशी मराठीत ओरडली,

"ए! खाला काय म्हणतो? आई हाय ती! आपली आई हाय!"

त्याला त्यातलं काही कळलं नाही. तो रडायला लागला. तिनं त्याचं मनगट धरलं आणि ओढतच त्याला आईच्या पुढ्यात नेऊन उभं केलं.